‘समाज चार दिवस बोलतो’ : बंडाच्या परिणामांविषयीच्या एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

गेली काही वर्षे मोबाइलवरून एक मजकूर वेगवेगळ्या शब्दांत सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : समाज चार दिवस बोलतो आणि पाचव्या दिवशी विसरतो, ज्याच्यात हिंमत आहे त्याचे बहिष्कार काही बिघडवू शकत नाही, निर्णय तुमचा असेल तर परिणामही तुमचेच असतात, त्यात घरच्यांना ओढण्याचे कारण नाही, शिवाय आता कायदा आला आहे, त्यामुळे वाळीत टाकणे वगैरे गोष्टी इतिहासजमा झाल्या आहेत, आणि शेवटी आज शेण मारणारा समाजच उद्या पुतळा उभारतो. पुरावा म्हणून खाली जोतीराव-सावित्रीबाई, आगरकर, धोंडो केशव कर्वे आणि बाबासाहेब यांची नावे लिहिलेली असतात.

जाचक रूढींविरुद्ध उभे राहणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे आणि नेमक्या त्याच कारणासाठी मला हा मजकूर घातक वाटतो. आंतरजातीय लग्न ठरवून बसलेली एखादी मुलगी किंवा जातपंचायतीचा दंड नाकारायला निघालेला एखादा तरुण हा मजकूर वाचून घराबाहेर पडतो, तेव्हा पुढे काय वाढून ठेवले आहे याची चुकीची कल्पना त्याला दिलेली असते. ज्यांची नावे पुराव्यादाखल दिली जातात, त्यांची चरित्रेच या दाव्यांच्या विरुद्ध साक्ष देतात.

पहिला दावा विस्मरणाचा आहे, म्हणून कर्व्यांपासूनच सुरुवात करणे योग्य होईल. 11 मार्च 1893 रोजी कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. त्यानंतर कर्वे पत्नीसह कोकणात आपल्या मुरूड गावी गेले. ज्या गावाच्या सार्वजनिक कामांसाठी त्यांनी लग्नापूर्वी ‘मुरूड फंड’ उभारण्याची खटपट केली होती, तेच हे गाव. गावाने सभा भरवून ठरवले की कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कोणी बसू नये, सार्वजनिक सभांना त्यांना येऊ देऊ नये, आणि ते गावी आले तर त्यांच्या भावाने त्यांना घरात ठेवून घेऊ नये. ठेवून घेतल्यास त्या घरावरही बहिष्कार पडेल. चार दिवसांच्या कुजबुजीला ठरावाची गरज नसते. ठराव करावा लागतो तो लक्षात ठेवण्यासाठी, आणि ज्याला विसरायचे असेल त्यालाही विसरू न देण्यासाठी.

मुरूडचा ठराव नीट वाचला तर वाळीत टाकण्याची सगळी रचना त्यात दिसते. शिक्षा कर्व्यांना आहे, पण ती अंमलात आणायची आहे भावाने. त्याने ती आणली नाही तर तोच अपराधी ठरतो. गावातल्या कोणाला कर्व्यांविषयी मनातून आदर वाटत असला तरी तो दाखवण्याची किंमत त्याच्या स्वतःच्या घराला मोजावी लागणार होती. अशा रचनेत विस्मरणाला वाव नसतो, कारण प्रत्येक घर दुसऱ्या घरावर लक्ष ठेवून असते. कोकणात आजही गावकीने वाळीत टाकलेल्या घराला हा अनुभव दर वर्षी नव्याने येतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते आणि त्या एका दारावरून न थांबता पुढे निघून जाते. वर्षभर जे बोलले जात नाही, ते त्या दिवशी ढोलताशाच्या गजरात सगळ्या गावासमोर जाहीर होते. त्या घरातल्या लहान मुलाला, पालखी आपल्याकडे का आली नाही, हे आईने कोणत्या शब्दांत सांगायचे?

दुसरा दावा हिंमतीविषयी आहे. जे झुकले ते भित्रे होते आणि जे टिकले ते शूर होते, अशी सरळ विभागणी त्यात गृहीत धरलेली आहे. महादेव गोविंद रानड्यांचे उदाहरण इथे पुरेसे आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात रानडे, टिळक आणि शहरातील इतर अनेक प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. तिथे चहा आला, काहींनी तो घेतला, काहींनी नुसता हातात धरला. पुढे उपस्थितांची नावे छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते वरिष्ठ न्यायाधिकारी होते आणि 1893 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. सरकारदरबारी त्यांचे कोणी काही वाकडे करू शकत नव्हते. स्वतःपुरते ते बहिष्कार सोसू शकले असते. पण त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांच्या घरी श्राद्धाला भटजी मिळेना, सासरी असलेल्या मुलींना माहेरी धाडले जाईना, आणि ही कोंडी फुटावी म्हणून त्यांनी मान तुकवली. त्यांच्या त्या निर्णयावर तेव्हाही टीका झाली आणि ती करण्याचा अधिकार कोणालाही आहे. परंतु त्या निर्णयाला भित्रेपणा म्हणणाऱ्याने त्या मुलींची दिवाळी कुठे आणि कशी गेली असेल, याचाही विचार करावा.

हिंमतीच्या दाव्यातला याहून मोठा दोष असा की तो पोटाचा प्रश्न विचारातच घेत नाही. कर्वे 1891 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. मुरूडने त्यांना वाळीत टाकले तरी त्यांची भाकरी मुरूडच्या हातात नव्हती. ते पुण्याला परतले आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर जाऊ शकले. आता याच्या शेजारी महाड ठेवून पाहावे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्याले. मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केलेला होता, आणि महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. म्हणजे कायद्याने जे आधीच दिलेले होते तेवढेच या लोकांनी घेतले. तरीही देवळात शिरणार असल्याची अफवा उठली, जमावाने परिषदेच्या लोकांवर हल्ला केला, आणि गावाकडे परतणाऱ्यांना वाटेवरच्या खेड्यांतूनही मारहाण झाली. तळे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळ्याला हात लावू नये असा न्यायालयाचा मनाई हुकूम आला. तळ्याचा निकाल उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी, म्हणजे जवळजवळ पूर्ण दहा वर्षांनी.

या दहा वर्षांत महाडच्या पंचक्रोशीत परतलेल्या माणसाकडे हिंमत नव्हती असे कोण म्हणेल? त्याच्याकडे नव्हती ती जमीन. तो ज्याच्या शेतात राबत होता, ज्याच्या दुकानातून मीठमिरची आणत होता, ज्याच्या वाटेने चालत होता, तोच त्याचा विरोधक होता. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत आंबेडकर सदस्य होते. अस्पृश्य आपला हक्क बजावू पाहतात तेव्हा त्यांच्या आर्थिक परावलंबनाचा फायदा घेऊन बहिष्काराचे हत्यार उपसले जाते आणि ते उघड हिंसेपेक्षाही परिणामकारक ठरते, हे या समितीच्या 1930 च्या अहवालात स्पष्टपणे मांडलेले आहे. त्याच सुमारास गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत आंबेडकरांनी बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा असे म्हटले आणि त्यासाठीच्या तरतुदी ब्रह्मदेशाच्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतल्या. ज्या माणसाच्या धैर्याविषयी कोणी शंका घेऊ शकत नाही, त्याने आपल्या लोकांना ‘हिंमत धरा’ एवढेच सांगून सोडले नाही. त्याने दंडविधानाचा मसुदाच पुढे ठेवला.

तिसरा दावा, म्हणजे ‘निर्णय तुमचा, परिणाम तुमचे’, वर मुरूडच्या निमित्ताने बराचसा निकालात निघालेला आहे. तरीही त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण या दाव्याने सर्वांत अधिक फसवणूक होते. जोतीरावांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांना व सावित्रीबाईंना घर सोडावे लागले. त्यांना घराबाहेर काढणारे त्यांचे वडील गोविंदराव होते. गोविंदराव दुष्ट नव्हते. आई लहानपणीच गेलेल्या मुलाला त्यांनी वाढवले होते, मध्येच बंद केलेले त्याचे शिक्षण पुन्हा सुरू करून दिले होते. समाजाने दडपण आणले ते त्यांच्यावर, कारण जोतीरावांना वाकवण्यापेक्षा गोविंदरावांना वाकवणे सोपे होते. कठोर समाज बंडखोराशी समोरासमोर क्वचितच भिडतो. तो त्याच्या बापाच्या, भावाच्या, लग्नाच्या वयातल्या धाकट्या बहिणीच्या मार्फत त्याच्यापर्यंत पोचतो.

आणि कधीकधी तो बापाच्या हातून अक्षरशः गळा आवळतो. 2013 मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका गरोदर तरुणीचा तिच्या वडिलांनीच खून केला. त्या घरामागे जातपंचायतीचा ससेमिरा होता हे पुढे आले, आणि त्यातूनच महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान हाती घेतले. त्या बापाचा गुन्हा कोणत्याही दडपणाने सौम्य होत नाही. पण ‘मुलीचा निर्णय, मुलीचेच परिणाम’ या सूत्रात तो बाप बसत नाही, पंच बसत नाहीत, आणि नातेवाइकांची मुले-मुली लग्नाची राहतील अशी धमकी देणारी भावकीही बसत नाही. घर सोडून निघणाऱ्याने मागे राहिलेल्यांचा विचार करून थांबावे, असे मला सुचवायचे नाही. मागे राहिलेल्यांवर काय गुदरणार आहे हे त्याला आधी माहीत असावे, त्याच्या मित्रांना आणि कार्यकर्त्यांना माहीत असावे, म्हणजे आधार नुसत्या जोडप्याला न देता त्या दोन घरांनाही देता येईल.

चौथा दावा कायद्याचा. हा पूर्ण खोटा नाही, म्हणून तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने तो एप्रिल 2016 मध्ये एकमताने संमत केला, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर 3 जुलै 2017 पासून तो लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, आणि पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातील कोणीही पोलिसांकडे अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकते. हा कायदा मोठ्या कष्टाने मिळालेला आहे आणि प्रत्येक बंडखोराला तो पाठ असावा.

परंतु कायदा झाला म्हणजे प्रथा संपली, हे म्हणणाऱ्यांनी मुंबई राज्याच्या याआधीच्या कायद्याचे काय झाले ते आठवावे. 1949 मध्येच मुंबई प्रांतात बहिष्कृती प्रतिबंधक कायदा झाला होता. दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले, आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा होते. त्यानंतर बोहरा सुधारकांना जातीबाहेर टाकले की त्यांचे लग्न लावायला कोणी येईना आणि मेल्यावर समाजाच्या कब्रस्तानात जागा मिळेना, ही स्थिती दशकानुदशके राहिली. त्यांच्यातले अग्रणी असगर अली इंजिनियर यांच्या मुंबईतल्या घराची आणि कार्यालयाची 2000 मध्ये नासधूस करण्यात आली. 1962 च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून 1986 मध्ये याचिका झाली. 10 फेब्रुवारी 2023 रोजी घटनापीठाने तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. याचिका दाखल झाली त्या वर्षी जन्मलेले मूल तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांचे झालेले होते.

नव्या कायद्याचा अनुभवही सावध करणारा आहे. कंजारभाट समाजातील काही तरुण-तरुणींनी 2017 च्या अखेरीस नववधूच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उघड मोहीम सुरू केली. जानेवारी 2018 मध्ये पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या तरुणांना मारहाण झाली. त्याच वर्षीच्या नवरात्रात, या परीक्षेला नकार दिलेली एक तरुणी दांडिया खेळायला गेली तेव्हा खेळच थांबवण्यात आला. पोलीस आयुक्तालय, न्यायालय, कारखाने, सगळे काही हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरात हे घडले, आणि कायदा लागू होऊन वर्ष उलटून गेल्यावर घडले. तक्रार नोंदवली गेली, हा कायद्याचा विजय मानावा लागेल; पण टिपऱ्या हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीभोवतीचे रिंगण मोडते, तेव्हा तिच्या मनावर जे उमटते ते कोणत्याही कलमाने पुसले जात नाही. ‘आता शहरात कोण कोणाला ओळखतो’ हे वाक्य ज्यांची जात त्यांच्या लग्नात, मयतीत आणि सणात हजर राहत नाही, अशा सुखवस्तू माणसांचे आहे.

कंजारभाटांसारख्या समाजाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी या मजकुरातही नसते आणि त्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मनातही नसते. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. हा शिक्का कायद्याने पुसला गेला तो 1952 मध्ये. ऐंशी वर्षे ज्यांना पोलीस चौकीत फक्त आरोपी म्हणून उभे केले गेले, त्यांना आपले तंटे सोडवायला जातीच्या पंचांशिवाय दुसरे न्यायालय नव्हते. तेच पंच आज दंड उकळतात आणि मुलींची विटंबना करतात, म्हणून त्यांना मोडून काढलेच पाहिजे. परंतु त्या पंचांना नकार देणारी मुलगी फक्त एक जाचक संस्था सोडत नाही, अडीनडीला धावून येणारा एकमेव गोतावळाही ती सोडत असते. बाहेरचा समाज तिला घर भाड्याने देताना तिची जात विचारतोच. ज्याला दोन्हीकडचे दार बंद आहे, त्याला ‘बिनधास्त बाहेर पड’ असे सांगणाऱ्याने आपले दार तरी उघडे ठेवलेले असावे.

कायद्याबाबत आणखी एक साधी गोष्ट. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवसांची नोटीस लावली जाते. घरच्यांपासून जीव वाचवण्यासाठी कायद्याचा आसरा घेणाऱ्या जोडप्याची नावे त्याच कायद्याने फलकावर लागतात. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष असावेत असे निर्देश दिले. नोटीस देण्याआधी आपल्या जिल्ह्यातला हा कक्ष कुठे आहे, त्याचा फोन कोण उचलतो, हे विचारून घेणे हे हिंमतीच्या कोणत्याही सुविचारापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

राहिला पुतळ्यांचा दावा. धोंडो केशव कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळाले, हे खरे आहे. मुरूडच्या ठरावानंतर 65 वर्षांनी मिळाले, हेही खरे आहे. कर्वे शंभर वर्षांचे झाले म्हणून त्यांना ते पाहता आले. आगरकरांना पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी त्यांचीच प्रेतयात्रा काढून दाखवली आणि ते 1895 मध्ये वयाची चाळिशीही न गाठता गेले. मधल्या काळात कर्व्यांनाही काय सोडावे लागले, याची नोंद पुतळ्यावर नसते. पुनर्विवाहाच्या वर्षीच त्यांनी ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ स्थापन केली. दोनच वर्षांत तिचे नाव ‘विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी’ असे मवाळ करण्यात आले. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढल्यावर लोकांनी तिथे मुली पाठवाव्यात म्हणून त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून स्वतः अंतर राखले. ज्या कृतीसाठी गावाने त्यांना बाहेर काढले होते, तिचा उघड पुरस्कार करणे त्यांना आपल्याच संस्थेसाठी थांबवावे लागले. बंडाचा हा परिणाम मला सर्वांत हृदयद्रावक वाटतो, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

त्याच घरात दुसरे उदाहरण आहे. त्यांचा मोठा मुलगा रघुनाथ याने 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्या विचारांपायी त्याची महाविद्यालयातली प्राध्यापकी गेली. जुलै 1927 पासून त्याने लैंगिक आरोग्यावरचे मासिक चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्याच्यावर 1931 मध्ये आणि पुन्हा 1934 मध्ये खटले झाले, दुसऱ्या खटल्यात त्याचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले, आणि दोन्ही वेळा त्याला दंडच झाला. तरीही ऑक्टोबर 1953 मध्ये मरण येईपर्यंत अंक निघत राहिले. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले होते. म्हणजे त्याचे म्हणणे देशाने मान्य केले तेव्हा तो हयात होता, पण त्या स्वीकाराबरोबर त्याला काही परत मिळाले नाही. वडिलांना सन्मान मिळाला तेव्हा त्याला जाऊन चार वर्षे उलटून गेली होती.

आणि ज्यांची नावेही राहिली नाहीत त्यांचे काय? 20 मार्च 1927 च्या संध्याकाळी महाडहून डोकी फुटलेल्या अवस्थेत आपापल्या वाडीकडे चालत निघालेल्या माणसांपैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतात? मुरूडच्या त्या ठरावानंतर भावाला घरात घ्यावे की नाही यावर ज्या घरात रात्र रात्र बोलणे झाले असेल, तिथल्या बायकांना काय वाटले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. नाशिकच्या त्या मुलीच्या पोटातल्या बाळाला तर नावच नव्हते. पुतळ्यांकडे बोट दाखवून पुढच्या मुलाला घराबाहेर पडायला सांगणारा मजकूर या सगळ्यांना वगळून लिहिलेला आहे, आणि त्या मुलाची गाठ आधी पडणार आहे ती यांच्याशी.